राणीला भूल देणारा डॉक्टर आधी मांजरांचे श्वास मोजत बसायचा

घरातल्या मांजरीची नसबंदी असो नाहीतर कुत्र्याच्या मोडलेल्या पायाचं ऑपरेशन असो, त्याआधी प्राण्यांचा डॉक्टर एक कागद पुढे करतो. भुलीमुळे प्राण्याच्या जिवाला धोका होऊ शकतो आणि याची मालकाला कल्पना दिलेली आहे, असं त्यावर लिहिलेलं असतं. सही करताना हात थोडा थांबतोच. टाके पडणार, दुखणार, दोन दिवस खाणार नाही, हे सगळं समजण्यासारखं असतं. पण झोपवलेला जीव परत उठलाच नाही तर? हा प्रश्न काही केल्या डोक्यातून जात नाही.

या प्रश्नाचं नीट उत्तर शोधायला जो माणूस सगळ्यात आधी बसला, त्याचं नाव जॉन स्नो. गेम ऑफ थ्रोन्सवाला नाही. हा खरोखरचा होता, लंडनमध्ये राहायचा आणि जग त्याला ओळखतं ते भलत्याच कारणासाठी. कॉलरा घाणेरड्या हवेतून नाही तर पाण्यातून पसरतो हे दाखवणारा, ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचा दांडा काढायला लावणारा डॉक्टर तो हाच. त्या पंपाचे व्हिडिओ इंटरनेटवर ढिगाने सापडतात. पण स्नोचं घर चालायचं ते माणसांना भूल देण्याच्या कामावर. आणि किती भूल दिली की जीव झोपतो आणि किती दिली की जातो, हे तो शिकला बेडूक, उंदीर, पक्षी, ससे, कुत्री आणि मांजरांकडून.

मजुराचा पोरगा

स्नोचा जन्म १५ मार्च १८१३ चा, इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातला. वडील मजुरी करायचे, पुढे कोळशाच्या वखारीत कामाला होते. नऊ भावंडांत हा थोरला. घर नदीकाठच्या गरीब वस्तीत. पोराला हिशेब चांगला जमतो हे लवकर लक्षात आलं आणि वयाच्या १४ व्या वर्षी त्याला न्यूकॅसलमधल्या एका सर्जनच्या हाताखाली शिकायला पाठवलं. तेव्हा डॉक्टर व्हायचं म्हणजे आधी अशी उमेदवारीच करावी लागायची.

तो १८ वर्षांचा असताना त्या भागात कॉलरा आला. त्याला किलिंगवर्थच्या कोळसा खाणीतल्या मजुरांवर उपचार करायला पाठवलं गेलं. काय करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे त्याच्याही हातात फार काही नव्हतं. पण ते मृत्यू त्याच्या लक्षात राहिले.

याच सुमारास त्याने मांस सोडलं आणि दारूला कधीच हात लावायचा नाही असं ठरवलं. पाणी प्यायचं तेही शुद्ध करून घेतलेलं. त्या काळच्या इंग्लंडमध्ये असं वागणारा तरुण डॉक्टर म्हणजे लोकांच्या दृष्टीने विक्षिप्तच.

१८३६ मध्ये तो लंडनला आला, तेही बराचसा प्रवास पायी करून, असं त्याच्या मित्राने लिहून ठेवलंय. शिक्षण पूर्ण करून १८३८ मध्ये सर्जन झाला आणि १८४४ मध्ये लंडन विद्यापीठाची एमडी मिळवली. सोहो भागात दवाखाना टाकला, पण गर्दी काही झाली नाही. आवाज घोगरा, स्वभाव अबोल, पेशंटशी गोड बोलणं जमायचं नाही आणि श्रीमंत ओळखी नव्हत्या. मग मोकळ्या वेळात तो वैद्यकीय सभांना जायचा आणि शेवटच्या बाकावरून प्रश्न विचारायचा. १८४१ मध्ये त्याने जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळांना कसं वाचवता येईल यावर निबंध वाचला. श्वास, हवा आणि हवेत मिसळलेले वायू हा त्याचा विषय भूल येण्याच्या आधीच ठरलेला होता, हे इथे लक्षात ठेवायला हवं.

ईथर आला आणि सगळे ते हुंगवत सुटले

१६ ऑक्टोबर १८४६ ला अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने ईथर हुंगवून एका रुग्णाला झोपवलं आणि सर्जनने त्याच्या मानेवरची गाठ काढली. बातमी जहाजाने लंडनला पोचली. डिसेंबर संपायच्या आत तिथेही ईथर देऊन दात काढले गेले आणि रॉबर्ट लिस्टन या नामांकित सर्जनने एका रुग्णाचा पाय कापला. त्याआधी ऑपरेशन म्हणजे पेशंटला चार माणसांनी धरून ठेवायचं आणि सर्जनने मिनिटांत काम उरकायचं. जनावरांची गत तर त्याहून वाईट, त्यांना बांधून पाडायचं आणि कापायचं.

साहजिकच ईथरची लाट आली. एक ओळखीचा औषधविक्रेता बगलेत भलंमोठं यंत्र मारून घाईघाईने जाताना स्नोला भेटला. थांबवू नका, सगळीकडे ईथर द्यायला जायचंय, आता हाच आपला धंदा झालाय, अशा अर्थाचं काहीतरी बोलून तो निघूनही गेला. औषधविक्रेत्याला हा धंदा मिळतोय तर आपल्याला का नाही, असं स्नोच्या मनात आलं. त्याला पैशांची गरज होतीच, ते काही लपवण्यासारखं नाही.

पण त्याने सुरुवात केली ती वेगळ्या टोकाकडून. ईथर एका पेशंटवर चालतो, दुसऱ्यावर चालत नाही, तिसरा आरडाओरडा करतो, असं का होतंय? बहुतेक डॉक्टर माणसांच्या प्रकृतीला दोष देत होते. स्नोने थर्मामीटर हातात घेतला. ईथर फार पटकन उडतो. थंड खोलीत हवेत त्याची वाफ कमी मिसळते, उबदार खोलीत कितीतरी जास्त. म्हणजे तेच यंत्र, तेच औषध आणि तोच डॉक्टर असूनही जानेवारीच्या गारठ्यात आणि शेकोटीजवळ पेशंटच्या छातीत जाणारा डोस वेगळा. लाट सुरू होऊन महिना होतो न होतो तोच, १८४७ च्या जानेवारीत, त्याने कोणत्या तापमानाला हवेत ईथरचं प्रमाण किती असतं याचं कोष्टक मांडलं आणि पाण्यात बसवलेलं स्वतःचं यंत्रही बनवलं. पाण्यामुळे ईथरचं तापमान एकसारखं राहायचं.

त्याच वर्षी त्याचं ईथरवरचं पुस्तक आलं. त्यात त्याने भुलीच्या पाच पायऱ्या सांगितल्या. पहिलीत माणूस शुद्धीवर असतो पण तरंगल्यासारखं वाटतं. दुसरीत बरळतो. तिसरीत ठरवून हालचाल करणं थांबतं. चौथीत अंग सैल पडतं, श्वास मात्र चालू असतो. आणि पाचवीत श्वासच अडखळायला लागतो, मग थांबतो. ही पाचवी पायरी स्नोने तोवर एकाही माणसात पाहिलेली नव्हती. ती त्याला माहीत होती ती केवळ प्राण्यांमुळे.

काचेच्या भांड्यातलं मांजर

नोव्हेंबर १८४७ मध्ये एडिनबरोच्या जेम्स सिम्प्सनने क्लोरोफॉर्म आणला. ईथरपेक्षा गोड वास, थोडक्यात काम, यंत्राची गरज नाही. रुमालावर ओतायचा आणि नाकाशी धरायचा. डॉक्टरांनी ईथर टाकून दिला.

२८ जानेवारी १८४८ ला न्यूकॅसलजवळच्या विनलॅटन गावात हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचं नख काढायला खुर्चीत बसली. आधी एकदा ईथर देऊन तिचं असंच ऑपरेशन व्यवस्थित झालेलं होतं. यावेळी कापडावर थोडा क्लोरोफॉर्म ओतून तिला हुंगवला. दोनतीन मिनिटांत ती मेली. नखासाठी.

देशभर खळबळ उडाली. सिम्प्सनचं म्हणणं पडलं की तिला शुद्धीवर आणायला तोंडात जे पाणी आणि ब्रँडी ओतली, त्यानेच ती गुदमरली. क्लोरोफॉर्मचा काही दोष नाही. स्नोला ते पटलं नाही. त्याचा संशय रुमालावर होता. रुमालावर किती थेंब पडले हे डॉक्टर सांगू शकतो, पण एका श्वासात त्यातले किती छातीत गेले हे कुणीच सांगू शकत नाही.

हे सिद्ध करायला त्याने जे केलं ते आज वाचताना बरं वाटत नाही. आतली जागा मोजलेलं मोठं काचेचं भांडं घ्यायचं. त्यात वजन केलेला क्लोरोफॉर्म उडू द्यायचा, म्हणजे आतल्या हवेत त्याचं प्रमाण नेमकं किती आहे ते कळतं. मग प्राणी आत ठेवायचा आणि घड्याळाकडे बघत बसायचं. लडखडला कधी, आडवा झाला कधी, डोळ्याला स्पर्श केल्यावर पापणी मिटायची थांबली कधी, श्वास बदलला कधी. काही प्राण्यांना तो वेळेत बाहेर काढायचा आणि ते उठून बसायचे. काहींना मुद्दाम काढायचा नाही. मग छातीला कान लावून आणि शेवटी छाती उघडून आधी काय थांबलं ते बघायचं, श्वास की हृदय.

स्वतःवरही त्याने हे औषध घेऊन पाहिलं, घड्याळ समोर ठेवून, किती वेळात शुद्ध जाते आणि येते ते टिपत. हे सांगितल्याने भांड्यातल्या मांजरांचा हिशेब फिटत नाही, पण माणूस कसा होता ते कळतं.

या प्रयोगांतून दोन गोष्टी निघाल्या. पहिली, झोपवण्यासाठी बाटलीतून किती औषध संपलं याला अर्थ नाही, श्वासातल्या हवेत ते किती टक्के आहे याला आहे. उंदीर माणसापेक्षा कितीतरी लवकर आडवा होतो कारण त्याच्या आकाराच्या मानाने त्याचा श्वास फार जलद असतो. पण हवेतलं लागणारं प्रमाण दोघांना जवळपास सारखंच. एवढासा जीव आहे म्हणून त्याला सगळं आपोआप कमी लागेल, असं नसतं. पण तो चूक सावरायला वेळ मात्र फार कमी देतो. दोन किलोच्या मांजराला भूल देताना आजही डॉक्टरांना याच गोष्टीची धास्ती असते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची होती. हवेत चारपाच टक्के क्लोरोफॉर्म असेल तर प्राण्याचा श्वास आधी थांबायचा आणि हृदय त्यानंतरही काही वेळ धडधडत राहायचं. म्हणजे माणसाला सावरायची संधी आहे. तेच प्रमाण आठ-दहा टक्क्यांवर नेलं तर हृदयच बंद पडायचं, श्वासाबरोबर किंवा त्याच्याही आधी. मग काही करता यायचं नाही. आणि गरम खोलीत भिजवलेल्या रुमालातून एखाद्या खोल श्वासात इतकं प्रमाण सहज जाऊ शकत होतं.

म्हणून त्याने क्लोरोफॉर्मसाठीही यंत्र बनवलं. धातूचं भांडं, भोवती पाणी, आत टीपकागदाची गुंडाळी आणि तोंडावरच्या मुखवट्याला सरकवता येईल अशी झडप. झडप सरकवली की साधी हवा जास्त मिसळते आणि डोस हळू कमी-जास्त करता येतो. आज पुण्या-मुंबईतल्या प्राण्यांच्या दवाखान्यात ऑपरेशन टेबलाशेजारी व्हेपोरायझर नावाचा टक्क्यांची तबकडी असलेला डबा दिसतो, तो याच कल्पनेचा वारस. औषध बदललंय, आता बहुतेक ठिकाणी आयसोफ्लुरेन वापरतात. खोलीचं तापमान बदललं तरी डोस बदलू नये अशी सोय त्या डब्यात असते. कुत्र्याला साधारण १.३ टक्के आणि मांजराला १.६ टक्के आयसोफ्लुरेन हा हिशेबाचा पाया मानतात. मग वय, वजन, आजार आणि सोबत दिलेली इतर औषधं बघून तबकडी फिरवली जाते.

राणीचे ५३ मिनिटं

पुढची दहा वर्षं स्नो लंडनमधला सगळ्यात विश्वासाचा भूल देणारा होता. चार हजारांहून जास्त लोकांना त्याने क्लोरोफॉर्म दिला आणि त्यात दगावलेला पेशंट एकच. प्रत्येक केस तो वहीत उतरवायचा. पेशंट कोण, ऑपरेशन कोणतं, कसा झोपला, उलटी झाली का, कधी उठला. त्या वह्या आजही जपून ठेवलेल्या आहेत.

७ एप्रिल १८५३ ला त्याला राजवाड्यातून बोलावणं आलं. व्हिक्टोरिया राणीचं आठवं बाळंतपण होतं. गंमत म्हणजे आयुष्यभर रुमालाविरुद्ध लिहिणाऱ्या या माणसाने राणीला क्लोरोफॉर्म दिला तो रुमालावरूनच. पण पद्धत बघा. एका वेळी मोजके थेंब, तेही कळ येईल तेव्हाच, असं ५३ मिनिटं. राणीची शुद्ध त्याने जाऊ दिली नाही, नुसती वेदना बोथट केली. १८५७ मध्ये नवव्या बाळंतपणालाही त्यालाच बोलावलं. बाळंतपणात वेदना हव्यातच असं म्हणणाऱ्यांची तोंडं त्यानंतर बऱ्यापैकी बंद झाली.

स्नो मात्र या विषयावर चकार शब्द काढायचा नाही. एक बोलघेवडी पेशंट हटून बसली की क्लोरोफॉर्म घेताना राणी काय बोलली ते सांगा, नाहीतर मी श्वासच घेणार नाही. स्नोने तिला सांगितलं की राणीने तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ औषध घेईपर्यंत एकही प्रश्न विचारला नव्हता, तुम्हीही तसंच करा, मग सगळं सांगतो. बाई झोपली. शुद्धीवर आली तेव्हा डॉक्टर घरी गेलेला होता.

कॉलऱ्याची गोष्ट यात थोडक्यात सांगायला हवी, कारण ती वेगळी नाहीच. कॉलरा दुर्गंधीच्या हवेतून होतो असं सगळे मानत होते. स्नोने वर्षानुवर्षं वायू मोजले होते. हवेत सोडलेली वाफ लांब जाईल तशी विरळ होते आणि तिचा परिणाम घटतो, हे त्याला पाठ होतं. मग एकाच गल्लीत श्वास घेणाऱ्या दोन घरांपैकी एकात मृत्यू आणि दुसऱ्यात काहीच नाही, हे हवेमुळे कसं होईल? त्यात आजार पोटापासून सुरू होतो, छातीपासून नाही. १८४९ मध्ये त्याने पाण्याचा संशय छापून सांगितला. १८५४ च्या सप्टेंबरमध्ये सोहोत साथ भडकली तेव्हा मृतांची घरं शोधून त्याने ती ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाशी जोडून दाखवली आणि ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला. भुलीच्या टेबलावर शिकलेला हिशेबच तो गल्लीत घेऊन गेला होता.

प्राण्यांनी न सांगितलेलं

क्लोरोफॉर्मच्या धोक्याने स्नो अस्वस्थ होता. त्याहून सुरक्षित काहीतरी हवं म्हणून तो एकामागून एक द्रव्यं तपासत होता. १८५६ मध्ये त्याला अमिलीन सापडलं. वास वाईट, पण पेशंट लवकर उठतो, उलट्या कमी. आधी प्राण्यांवर तपासलं, स्वतः घेऊन पाहिलं, मगच माणसांना द्यायला सुरुवात केली.

२३८ वेळा दिलं. दोन मेले.

दुसऱ्या मृत्यूनंतर १८५७ मध्ये त्याने अमिलीन सोडून दिलं आणि दोन्ही मृत्यूंची माहिती स्वतः छापली. इथे स्नो मोठा वाटतो. तेव्हाचे कित्येक डॉक्टर मृत्यूचं खापर पेशंटच्या कमजोर हृदयावर फोडून मोकळे व्हायचे. स्नोने इतरांच्या हातून झालेले क्लोरोफॉर्मचे मृत्यूही गोळा केले. नावगाव, वय, ऑपरेशन, औषध कसं दिलं, शेवटच्या क्षणी काय दिसलं, असे ५० मृत्यू त्याने एकेक करून तपासले. धोका मोजायचा असेल तर मेलेल्यांची नोंद ठेवावी लागते, हे त्या काळी तरी फारसं कुणाला रुचत नव्हतं.

याच पुस्तकाची शेवटची पानं लिहिताना १० जून १८५८ ला त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि १६ जूनला तो गेला. वय अवघं ४५. लग्न केलेलं नव्हतं. पुस्तक त्याचा मित्र बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन याने पूर्ण करून छापलं. लॅन्सेट या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकाने त्याच्यासाठी दोन ओळी खर्च केल्या आणि त्यात क्लोरोफॉर्मचा उल्लेख होता, कॉलऱ्याचा नव्हता. २०१३ मध्ये, म्हणजे १५५ वर्षांनी, त्यांनी ती चूक सुधारणारा मृत्युलेख छापला. आता उलट झालंय. सगळ्यांना पंप माहीत असतो आणि क्लोरोफॉर्म कुणालाच नाही.

भांडण हैदराबादला पोचलं

स्नो गेल्यावर त्याचा मुद्दा वाऱ्यावर गेला. एडिनबरोच्या परंपरेतले डॉक्टर म्हणायचे, पेशंटचा श्वास तेवढा बघा, नाडीकडे बघायची गरज नाही. लंडनवाले म्हणायचे, हृदय अचानक थांबतं, तेही बघा.

यात आपल्याकडचं एक प्रकरण घुसलं. हैदराबादेत एडवर्ड लॉरी नावाचे सर्जन होते, पक्के एडिनबरो पंथाचे. १८८८ मध्ये निजामाच्या पाठबळाने त्यांनी क्लोरोफॉर्म कमिशन नेमलं आणि शंभराहून जास्त भटक्या कुत्र्यांवर प्रयोग केले. मराठवाडा तेव्हा याच निजामाच्या राज्यात होता. निष्कर्ष असा की प्रत्येक वेळी आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. लॅन्सेटने शंका घेतली, तर सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी १,००० पौंड देऊन लंडनहून तज्ज्ञ बोलावला. १८८९ मध्ये लॉडर ब्रंटन आले, दुसरं कमिशन बसलं, आणखी शेकडो प्राणी मारले गेले आणि निकाल पुन्हा लॉरींच्या बाजूने लागला.

तरीही ऑपरेशन टेबलावर माणसं अचानक मरतच राहिली. मग इतकी कुत्री खोटं बोलली का?

उत्तर मिळालं १९११ मध्ये, तेही मांजरांकडून. गुडमन लेव्ही या डॉक्टरने दाखवलं की क्लोरोफॉर्मची भूल उथळ असताना मांजराच्या अंगात अॅड्रेनलिन वाढलं तर हृदय नीट आकुंचन पावायचं सोडून नुसतं थरथरायला लागतं आणि प्राणी क्षणात मरतो. हैदराबादेत बहुतेक कुत्र्यांना श्वास थांबेपर्यंत क्लोरोफॉर्म देत राहिले होते, म्हणजे खोल भूल. त्यात हा प्रकार दिसणारच नव्हता.

आता हॅना ग्रीनर आठवा. घाबरलेली १५ वर्षांची मुलगी, अर्धवट भूल आणि बोटावर चाललेली सुरी. तिचं हृदय असंच थरथरून थांबलं असण्याची शक्यता बरीच आहे. म्हणजे क्लोरोफॉर्म थेट हृदयाला मारू शकतो हे स्नोचं म्हणणं खरं ठरलं, पण प्रत्येक वेळी जास्त प्रमाणच कारणीभूत असतं हे मात्र नाही. कमी भूलही मारू शकते, हे काही त्याच्या भांड्यातल्या मांजरांनी त्याला सांगितलं नव्हतं.

क्लोरोफॉर्म आता भूल द्यायला वापरत नाहीत. पण घाबरलेल्या प्राण्याला थेट भूल देऊ नये, हे त्यातून राहिलंच. दवाखान्यात आधी शांत करणारं इंजेक्शन देऊन कुत्र्या-मांजराला थोडा वेळ अंधाऱ्या, निवांत जागी ठेवतात, ते उगाच नाही. अशा वेळी लाडाने हाका मारत मोबाइलवर व्हिडिओ काढत बसू नये.

मेलेल्यांची नोंद, यावेळी प्राण्यांची

ब्रिटनने १९१९ मध्ये कायदा करून प्राण्यांच्या ठरावीक ऑपरेशनना भूल सक्तीची केली. पण स्नोने माणसांसाठी केलं तसं मृत्यू मोजायचं काम प्राण्यांसाठी व्हायला बराच वेळ गेला. त्यातली एक मोठी पाहणी ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात झाली. ११७ दवाखाने, सुमारे ९८ हजार कुत्री आणि ७९ हजार मांजरं. भूल दिल्यापासून ४८ तासांत कोण दगावलं आणि का, हे तपासलं गेलं.

कुत्र्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ०.१७ टक्के निघालं, म्हणजे साधारण ६०० मागे एक. मांजरांमध्ये ०.२४ टक्के, म्हणजे ४०० मागे एक. धडधाकट प्राण्यांचे आकडे अर्थातच खूप कमी होते, कुत्र्यांत ०.०५ आणि मांजरांत ०.११ टक्के. आधीच आजारी असलेल्यांत मात्र दोघांचाही धोका १ टक्क्याच्या वर गेला. म्हणून डॉक्टर आधी रक्त तपासायला सांगतात तेव्हा तो बिल वाढवायचा प्रकार आहे असं समजून टाळाटाळ करू नये. यकृत, मूत्रपिंड किंवा हृदयात काही दडलेलं असेल तर ते भूल देण्याआधी कळलेलं बरं. पग किंवा बुलडॉगसारखा चपट्या नाकाचा कुत्रा असेल तर त्याची श्वासनलिका मुळातच अडचणीची असते, त्याच्यासाठी वेगळी तयारी लागते. प्राणी जाडजूड असेल, फार लहान किंवा फार म्हातारा असेल, तेव्हाही हिशेब बदलतो. आणि ऑपरेशनच्या आधी खायला दिलं असेल तर ते डॉक्टरांना सरळ सांगावं. उपाशी बघवत नाही म्हणून सकाळी हळूच दिलेली पोळी भुलीत उलटून फुप्फुसात जाऊ शकते.

या पाहणीतला सगळ्यात चटका लावणारा आकडा वेगळाच आहे. कुत्र्यांचे जवळपास निम्मे आणि मांजरांचे ६० टक्क्यांच्या आसपास मृत्यू ऑपरेशन चालू असताना झालेच नाहीत. ते झाले नंतर, आणि त्यातलेही बरेचसे पहिल्या तीन तासांत. टाके घालून झालेले असतात, यंत्र काढलेलं असतं, डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळलेला असतो आणि कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात ओलं, गार पडलेलं मांजर अर्धवट झोपेत असतं. लहान अंगातली ऊब भुलीत फार लवकर जाते. त्यामुळे ऑपरेशन कोण करणार हे विचारताना, त्यानंतर पहिले तीन तास त्याच्याजवळ कोण बसणार हेही विचारून घ्यायला हरकत नाही. घरी आणल्यावर कण्हत असेल तरी घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला द्यायची नाही, ती त्याच्यासाठी विष आहे.

त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. ज्या मांजरांची नाडी किंवा रक्तातला ऑक्सिजन भूल असताना सतत बघितला जात होता, त्यांच्यात मृत्यू कमी होते. ऑक्सिजन मोजायचा छोटा चिमटा असतो, तो मांजराच्या जिभेला लावतात.